घोडेगाव चारचा दगड

घोडेगाव पाच किलोमीटरच्या दगडाला मागनं घंटी आली. दोनदा. संपतनं आपली घंटी दोनदा वाजवली, त्याच्या फुडच्या अरिहंतनं आपली वाजवली, आन तशी ती घंटी चाळीस सायकलींवरनं पार म्होरच्या गेणभाऊपतुर गेली. समदं बैजवार चाललं व्हतं. मंग घोडेगाव चारचा दगड आला आन गेला, मागनं काय आलं नाय.

संपतनं कान दिला. तेवढ्यात एक उसाचा ट्रॅक्टर मागनं येऊन त्यांच्या बरोबरीनं चालला व्हता. दोन ट्रॉल्या ठासून भरलेल्या, आन ड्रायव्हरनं टेप असा लावला व्हता का सोताचं बोलणं सोताला ऐकू येऊ नये.

अरिहंत मान न वळवता वरडला, "काका, घंटी आली नाही!"

"ट्रॅक्टरच्या आवाजात गेली असल."

"मी मागे बघू का?"

"मान वळवायची नाय. काल एवढं सांगितलं ते इसरला का? फुडच्या दगडाला येईल."

ट्रॅक्टर निघून गेला. आता रस्त्यावर निसती चेनींची करकर. मागं त्याचा थोरला भाऊ व्हता, सावळेराम. ह्या चाळीस जणांत एकट्या संपतला ठाव व्हतं का सावळेरामच्या काळजात दोष हाय, आन डॉक्टरनं त्याला सायकल बंद सांगितलीय. आन हे कुणाजवळ बोलायचं नाय म्हणून संपतच्या गळ्यात शपथ पडली व्हती.

तो घोडेगाव तीनच्या दगडापतुर गेला. तिथं बी घंटी आली नाय, तवा त्यानं सायकल फिरवली.

एक किलोमीटर. चार मिनटं बी नसतील. पण ती चार मिनटं संपत अजून सायकल चालवतोय.

आता बाहेरच्या माणसाला वाटंल, सख्खा भाऊ मागं हाय, त्याच्या जिवाला धोका हाय, मान वळवायला काय पैसं पडतात? पण पिंपरी पेंढारच्या सायकलवाल्यांचा तो नेम व्हता, आन नेम कसा पडला ते सांगितल्याबिगर कळायचं नाय.

त्र्याण्णव साली गावातल्या सात जणांनी पहिल्यांदा ओझरच्या विघ्नहराला हात जोडून सायकली काढल्या, त्या नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत भीमाशंकरला. एक मुक्काम वर, दुसऱ्या दिशी परत ओझर. जाऊन येऊन पावणेदोनशे किलोमीटर पडतं. शर्यत नव्हती, कोण पहिला कोण दुसरा काय नाय. त्या सातांत रखमाजी म्हणून एक साठीचा गडी व्हता. चोवीस इंची काळी सायकल, धोतर वर खोचलेलं. चालवायचा चांगला, पण सावकाश. बाकीचे सहा जण जीव लावणारेच, त्यांना काळजी, म्हणून ते घडीघडी मागं वळून बगायचे. "आलं का म्हातारं? येतंय का?" परतीला मंचरात रखमाजी सायकलीवरनं उतरला.

"म्या काय चोर हाय का रं?" म्हणला. "सारखं सारखं काय बगताय वळून?"

आन त्यानं सायकल यष्टीच्या टपावर टाकली आन गेला घरी. त्यानंतर ना सायकलीला हात लावला ना ह्या सहा जणांशी बोलला. तीन वरसांनी वारला. दहाव्याला हे सहा जण गेले तवा त्याची बायको धोंडाबाई समद्यांदेखत म्हणली, "तुमीच मारला माझ्या मान्साला. नजरंनं मारला."

तवापासनं नेम. शेवटच्या गड्याला शेपूट म्हणायचं, आन शेपटाकडं वळून बगायचं नाय. शेपूट दर किलोमीटरच्या दगडाला दोनदा घंटी वाजवणार, ती फुडं फुडं जाणार. घंटी उशिरा आली का म्होरक्यानं आपसूक चाल कमी करायची. कुणी कुणाला इचारायचं नाय, दमला का, बसतो का, टेम्पो बोलवू का. आन शेपूट ओझरला देवळाच्या पायरीला लागल्याबिगर नारळ फुटत नसे.

शेपूट म्हणजे सावळेराम. पहिल्यापासनं तोच. ते काम त्यालाच साजायचं. वीस वरसं त्यानं सायकलीला दोन कॅन लावून पिंपरी पेंढारवरनं आळेफाट्याला दूध घातलेलं. पाऊस असू दे, गारठा असू दे, रस्त्याला यष्टी उलटलेली असू दे, ह्याचं दूध सात वाजता डेअरीच्या काट्यावर. वज्जं घेऊन हळू चालवायची त्याच्या पायांना सवय. हत्याराच्या पिशवीत पाने, सोलुशन, दोन ट्यूबा, पंप, आन एक गुळाचा खडा. ज्याची कुणाची पंक्चर झाली त्यानं नुस्तं कडंला थांबायचं, शेपूट येणारच व्हतं.

"ह्या सावळ्याच्या मागं फकस्त यमराज," गेणभाऊ म्हणायचा. गेणभाऊ म्होरक्या, त्याचं तोंड असंच.

"त्यो बी नाय," सावळेराम म्हणायचा. "त्याला बी सांगितलंय, मी शेवटचा, तू फुडं हो."

तेरा वरसांत सातांचे चाळीस झाले. ओतूर, बेल्हे, नारायणगावचे गडी यायला लागले, छातीवर नंबर आला, गेअरच्या सायकली आल्या. पण नेम तोच राह्यला आन शेपूट तेच राह्यलं.

दोन हजार सहाच्या जूनात सावळेरामला कॅन उतरवताना घाम फुटला आन डावा हात जड पडला. संपतनं त्याला मोटरसायकलवर घालून नारायणगावला नेला. डॉक्टरनं यंत्रावर काळजाची पट्टी काढली, बगितली, आन संपतला बाजूला घेऊन म्हणला का पुण्याला न्या, नळी घालून बगावं लागंल, तवर सायकल नाय, चढ नाय, वज्जं नाय.

सावळेरामला न सांगताच समजलं. येताना म्हणला, "गाडी ओझरला घे."

देवळात गर्दी नव्हती. सावळेरामनं संपतचा हात धरून उंबऱ्यावर ठिवला.

"आपल्या आबाला अकरा वरसं बाजंवर कुणी बगितलं?"

"तू," संपत म्हणला.

"मंग बाजंवरचा माणूस म्हणजे काय ते मला कळतंय. दारावरनं जाणारा पतेक माणूस वळून आत बगायचा. आन आबा तोंडावर गोधडी घ्यायचा. भर उन्हाळ्यात, संप्या, गोधडी."

"दादा, दोन दिसाचं काम हाय. पुण्याला जाऊ आन येऊ."

"आन मंग? कॅन सोड, सायकल सोड, बस घरात. घे शपथ. इघ्नहराची. तुज्या वयनीला नाय, पोरीला नाय, गेणभाऊला नाय."

"आन तुला काय झालं तर?"

"झालं तर झालं. पण तू तोंड उघाडलंस तर मी मेलोच तुला, त्या दिशीच."

संपतनं शपथ घेतली. घेऊन बसला आन तिथंच अडाकला. इकडं आड तिकडं हीर. सांगावं तर भाऊ तुटतो, न सांगावं तर भाऊ जातो. जेवताना ताटात बगायचा. वयनी म्हणायची, "भावजी, काय ढेकूण चावल्यागत बसताय?" तो म्हणायचा, "काय नाय, कांद्याचं रोप पिवळं पडलंय." रोप हिरवंगार व्हतं.

दिवाळी झाली तसं फेरीचं बोलणं निघालं. संपतनं धीर करून सांगून बगितलं, "दादा, यंदा शेपूट मी व्हतो. तू मधी ऱ्हा."

"शेपूट काय वाटून खायची भाकर हाय व्हय?"

मंग संपतनं एक वंगाळ काम केलं. फेरीच्या आदल्या दिशी भाऊ मळ्यात गेल्ता, तवा त्याच्या सायकलीच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील खोलून आतल्या गोळ्या उकिरड्यात टाकल्या. सावळेराम आला, बगितलं, हासला. "उंदरांला बी आता लोखंड लागतंय." म्हणला आन घेवरचंद शेठच्या सायकलीच्या दुकानात जाऊन तासाभरात नवं फ्रीव्हील बसवून आला. बरोबर शेठचा थोरला, अरिहंत, त्यो बी यंदा फेरीत नाव घालून आला. तो पुण्यात कॉलेज करून दुकान बगायला परत आल्याला, पंचवीसेक वरसांचा, एकवीस गेअरवाला.

त्याआधी एकदा तर संपत गेणभाऊच्या दारात जाऊन बसला. चहा प्याला. रोपाचं बोलला, लाईटीचं बोलला, बेल्ह्याच्या बाजारातल्या बैलाचं बोलला. आन उठून आला.

पहिल्या दिशी पोखरीचा घाट लागला. संपत शेपटाच्या फुडं, त्याच्या फुडं अरिहंत. संपत मागचा श्वास मोजत घाट चढला. सावळेरामचा श्वास म्हणजे जुन्या भात्यावाणी, मधीच अडायचा, मंग परत लागायचा. एका वळणावर अरिहंतनं नेमबीम काय ध्यानात न घेता वळून बगितलं.

"सावळेरामकाका, तुमचा चेहरा काळा पडलाय. दम लागला का? गाडी बोलवू का?"

फुडच्या चार-पाच गड्यांनी ब्रेक दाबले.

"ए शेठच्या!" संपत असा वरडला का सोताच दचाकला. "फुडं बग! लाज वाटती का? घरी असंच शिकवलंय का थोरल्या माणसाकडं बगायला?"

पोराचं तोंड पडलं. एवढं कुणीच बोललं नव्हतं, गेणभाऊ बी नाय. पण संपत का वरडला ते संपतलाच ठाव. त्या पोरानं जे बगितलं ते संपतला बगायचं नव्हतं.

तळेघरला चहाला थांबले तवा गेणभाऊनं पंचायत बसवली. "गुन्हा कबूल हाय का?"

"हाय," अरिहंत म्हणला. खाली मान.

"मंग दंड. वर गेल्यावर चाळीसच्या चाळीस सायकलींत हवा भर."

समदे हासले. सावळेराम तर डोळ्यांत पाणी येस्तवर हासला. आपला पंप पोराच्या हातात देत म्हणला, "मार बाळा, मार. दंड फुगतील. तुमच्या दुकानात निसतं बसून पोट येतंय." आन पिशवीतला गुळाचा खडा मोडून अर्धा त्याला दिला. अरिहंत बी हासला. पोरगं मनाचं मोकळं. त्यानं भीमाशंकरला चाळीस सायकलींत हवा भरली आन संपतची सोताहून पुसून ठिवली. "काका, चुकलं माझं," म्हणला. संपतला तोंड वर करता यीना.

भीमाशंकरला पोचल्यावर मातुर संपतच्या छातीवरचा धोंडा उतरला. चढ झाला. आता उद्या उतार आन सपाटी. आता काय व्हत नाय. तो त्या दिशी सहा म्हैन्यात पहिल्यांदा पोटभर जेवला.

आन दुसऱ्या दिशी घाट उतरून, डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागं टाकून, शिनोलीच्या सपाटीला, जिथं लहान पोरगं बी हात सोडून सायकल चालवील तिथं, घंटी आली नाय.

संपत परत फिरून गेला तवा चारच्या दगडाच्या वाईच मागं, बाभळीखाली सावळेराम बसला व्हता. बाभळीला टेकून. सायकल स्टँडवर नीट लावल्याली. एक बाई त्याच्या तोंडाला तांब्या लावत व्हती, पाणी गळ्यावरनं खाली सांडत व्हतं. बाजूला तिचा गवताचा भारा.

"दादा! ए दादा!"

डोळं उघडं व्हतं. बगत कुठंच नव्हतं.

"तुमचं कोण हाय का?" बाई म्हणली. सोनीबाई तिचं नाव, ते मागनं कळलं. "लई येळ घंटी वाजवीत बसला व्हता बाबा. हात वर करून, सायकलीला धरून वाजवीत व्हता. मला वाटलं, कुणाला तरी हाका मारतोय. तो ट्रॅक्टर वरडत गेला मेला, म्हणून मला बी उशिरा ऐकू आली. तुमाला नाय का आली?"

संपतनं तिच्याकडं बगितलं. मंग उठून रस्त्यात आडवा उभा ऱ्हायला.

जीप मिळाली. घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला, छातीला नळी लावली, आन चष्मा काढला. दारात अडतीस जण हेल्मेटं, टोप्या काढून उभे. कुणी तिथंच फरशीवर बसले. गेणभाऊनं भिंतीला डोकं लावलं.

घरी न्यायला टेम्पो केला. संपत मागं बसला, भावाचं डोकं मांडीवर घेऊन. टेम्पो निघाला तसा गेणभाऊ आडवा आला.

"थांब ड्रायव्हर. आमाला फुडं जाऊ दे."

"आवं, घाई करायला पायजे," ड्रायव्हर म्हणला.

"त्यो शेवटचा असतो," गेणभाऊ म्हणला. "आमी फुडं. तू मागनं सावकाश ये."

आन अडतीस सायकली फुडं लागल्या. मंचर, नारायणगाव, आळेफाटा. साठ एक किलोमीटर, कुणी बोललं नाय, कुणी पाणी प्यायला थांबलं नाय, आन एकानं सुदीक मान वळवली नाय. ट्रकवाले हॉर्न मारायचे आन मंग टेम्पोत बगून गप व्हायचे. संपत ताडपत्रीच्या फटीतनं त्या अडतीस पाठी बगत व्हता. त्याला वाटलं, वरडावं. बगा रं, बगा एकदा वळून, कुणीतरी बगा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पाठी तशाच चालल्या.

शीलावयनी दारात उभी व्हती. फोन आल्ता कुणाच्या तरी घरी. ती रडली नाय पहिल्यांदा. टेम्पोचं फळकूट खाली झालं तवा तिनं नवऱ्याच्या पायाला हात लावला आन म्हणली, "किती गार पडलेत." मंग जी खाली बसली ती बायांनी उचलली तवाच उठली.

दहाव्याला घेवरचंद शेठ आला, संगं अरिहंत. बसले. शेठ बोलला चार शब्द. लोकं म्हणत व्हती, "भाग्यवान. देवाच्या वाटंवर गेला, चालता चालता." "काय कुणाला तरास नाय." "आजारबिजार काय नव्हता, न्हवं का संपत?" संपत हूं म्हणला. अरिहंतनं संपतकडं बगितलं. त्या पोराला ठाव व्हतं, घंटी आली नाय म्हणून तो बोललेला, आन कुणी गप केलं ते बी. संपत वाट बगत बसला का आता बोलंल, मंग बोलंल. बोलला असता तर बरं झालं असतं. पण पोरगं खाली बगून चटईची काडी मोडत राह्यलं. जाताना संपतच्या खांद्यावर हात ठिवून गेलं. त्या हाताचा भार संपतच्या अंगावरनं लई दिस गेला नाय. त्याला वाटलं, आता ह्या पोराला बी आपण त्याच शपथंत कोंडला.

तेरावा झाला. पोरगी हर्षाली पुण्याला सासरी गेली. पाव्हणे गेले. कांद्याची लागण अर्धी ऱ्हायली व्हती, ती काय कुणासाठी थांबत नाय. त्या आठवड्यात लाईट दिवसा व्हती, अकराच्या पुढं कधी बी. संपत आन वयनी बांधावर बसून रोपाच्या जुड्या सोडत लाईटीची वाट बगत व्हते. वयनीचं कपाळ मोकळं. त्याला तिकडं बगवंना.

"वयनी," संपत म्हणला. "मला ठाव व्हतं."

तिचे हात चालूच.

"दादाच्या काळजाचं. जूनातच डॉक्टरनं सांगितल्यालं. मला शपथ घातली व्हती त्यानं. ओझरला."

वयनीनं एक जुडी सोडली, झटाकली, खाली ठिवली.

"गोळ्या व्हत्या," ती म्हणली. "हत्याराच्या पिशवीत. ट्यूबंच्या घडीत. मी आखाडातच बगितल्या."

संपतनं जुडी खाली ठिवली. "मंग इचारलं नाय दादाला?"

"इचारून काय? माझ्याशी खोटं बोलायला लावायचं का त्यांला?"

"मला तरी सांगायचं."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी सायकल काढून घेतली असती. मंग ते घरात बसले असते, बाजंवर. मी ह्या घरात आले तवा आबा बाजंवरच व्हते भावजी. त्यांची गोधडी मी बी धुतलीय." तिनं दुसरी जुडी वढली. "मला वाटायचं, बरंय, तुमाला ठाव नाय. एक माणूस तरी निवांत झोपतंय."

"मी कुठं झोपलो?"

सहा म्हैनं एका ताटाला एकमेकांच्या समोर बसून दोघांनी रोप पिवळं पडलंय म्हणून गप्पा हाणल्या व्हत्या.

मंग वयनीनंच इचारलं. "घंटी आली नाय तवा तुमी कुठं व्हता?"

हे कुणी इचारलं नव्हतं. गेणभाऊनं बी नाय.

"चारच्या दगडाला," संपत म्हणला. "पोरगं म्हणत व्हतं, बगू का. मी नको म्हणलो. आन तीनच्या दगडापतुर गेलो. एक किलोमीटर. तो बाभळीखाली बसून वाजवीत व्हता. त्या बाईनं सांगितलं."

वयनीनं हातातली जुडी तशीच धरली. लई येळ धरली. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळाय लागलं, तिनं पुसलं नाय.

"जायला नको व्हतं, भावजी," ती म्हणली.

"व्हय," संपत म्हणला.

"नको व्हतं जायला फुडं."

"व्हय, वयनी."

हिरीवरच्या पेटीचा लाल दिवा लागला.

"लाईट आली," वयनी म्हणली. पदरानं नाक पुसलं, फावडं घेतलं. "जावा, मोटार चालू करा. मी वाफ्याची दारं धरते."

संपत हिरीवर गेला. मोटारीनं हवा धरली व्हती, त्यानं बादलीनं पाणी वतलं, परत बटन दाबलं. पायपानं दोनदा चूळ भरल्यागत केलं आन पाणी पडलं. आधी गढूळ, मंग चांगलं. पाटानं पळत पळत ते वाफ्यापतुर गेलं.

खालनं वयनीचा आवाज आला. "भावजी, वाईच कमी करा. रोपं उखडत्यात."

संपतनं कॉक अर्धा फिरवला.